ताकदीची गोळी मागणाऱ्यांसाठी: डिप्रेशन ओळखायचं कसं, दाखवायचं कुठं, औषध घ्यायचं कसं

काउंटरवर डिप्रेशन कधी स्वतःचं नाव सांगून येत नाही. ते "वैनी, ताकदीचं कायतरी द्या की" म्हणत येतं. "तोंडाला चवच न्हाई." "छातीत धडधडतंय, ईसीजी काढला, नॉर्मल आला." "पित्ताची गोळी बदलून द्या, ही लागू पडंना." तासगावात एस.टी. स्टँडपासून चालत जाण्याच्या अंतरावर आमचं मेडिकल आहे. सासऱ्यांनी सुरू केलं, मी बी.फार्म. होऊन लग्नानंतर बसायला लागले ती अजून बसतेय. मी डॉक्टर नाही. निदान करणं माझं काम नाही, आणि हे वाचून ते तुम्हीही करायला जाऊ नका. पण डॉक्टरांना फक्त आलेला पेशंट दिसतो. दवाखान्यात न गेलेला आणि मधेच औषध सोडलेला, हे दोघंही आमच्याच काउंटरसमोर उभे असतात.

माझ्या बघण्यात माणसं दोन ठिकाणी अडकतात. सुरुवातीला, कारण दुखणं अंगाचं वाटतं. आणि मध्यावर, कारण बरं वाटायला लागतं. या दोन जागा सांभाळल्या तर पुष्कळ काम होतं, म्हणून खालचं सगळं त्याच बेतानं लिहिलंय.

ओळखायचं कसं

एका नेहमीच्या गिऱ्हाईकाचं सांगते. ओळख पटू नये एवढे तपशील बदललेत. द्राक्षबाग, बेदाण्याचं शेड, मुलगा कमावता. काका आधी पित्ताची गोळी न्यायला यायचे. मग बी-१२ ची इंजेक्शनं सुरू झाली, मग सलाईन, मग सांगलीला जाऊन एन्डोस्कोपी. सगळे रिपोर्ट नॉर्मल. रिपोर्ट नॉर्मल आला की घरच्यांना हायसं वाटायचं आणि काकांचं तोंड आणखी उतरायचं. एकदा काकूच औषधाला आल्या. म्हणाल्या, "पहाटं तीनला उठून अंथरुणात बसत्यात. दोन घास खाऊन उठत्यात. छाटणी तोंडावर आली, माणसं लावायची हायत, तर म्हणत्यात तूच बघ काय ते. बागंत पाय टाकला न्हाई महिनाभर."

एन्डोस्कोपीत जे सापडलं नव्हतं ते काकूंच्या बोलण्यात होतं.

डॉक्टर मुख्यतः दोन गोष्टी विचारतात. गेल्या दोन आठवड्यांत जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ मन उदास, निराश किंवा रिकामं होतं का? आणि पूर्वी ज्यात जीव रमायचा त्यातली गोडी गेलीय का? यातल्या एकाचं तरी उत्तर 'हो' असेल तर पुढचं बघतात: झोप बिघडणं (पहाटे फार लवकर जाग येणं ही खास खूण, पण काहीजण उलट दिवसभर झोपून असतात), भूक आणि वजनातला फरक, काही न करता थकवा, लक्ष न लागणं आणि साधा निर्णयही न होणं, बोलणं-चालणं मंदावणं किंवा एका जागी बसवेनासं होणं, आपण निकामी आहोत, घरावर ओझं आहोत असं वाटणं, आणि मरणाचे विचार. एकूण नऊपैकी पाच, त्यात पहिल्या दोघांतली निदान एक, सलग दोन आठवडे, आणि त्यापायी रोजचं काम अडलेलं. साधारण अशी ती मोजपट्टी. भाव पडला म्हणून चार दिवस डोकं ठिकाणावर नसणं यात येत नाही.

याच नऊ गोष्टींवर 'पीएचक्यू-९' नावाची प्रश्नावली आहे, मराठीतही मिळते. प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण, बेरीज जास्तीत जास्त २७. पाचापासून सौम्य, दहापासून मध्यम, पंधरापासून बऱ्यापैकी तीव्र, विसापासून तीव्र. १० किंवा जास्त आले की डॉक्टरांना दाखवावं. निदान डॉक्टरच करणार, पण "मला काय होतंय ते सांगताच येत नाही" म्हणणाऱ्याला तो कागद फार उपयोगी पडतो. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. तिथे शून्याशिवाय काहीही आलं तर बेरीज करत बसू नका, त्याच दिवशी कुणालातरी सांगा.

काही जणांच्यात हे सरळ दिसत नाही. पुरुष रडत नाहीत, चिडतात. ताटावरून उठतात, पिणं वाढतं. म्हातारी माणसं "विसरायला होतंय" म्हणत येतात आणि घरचे स्मृतिभ्रंश समजून सोडून देतात, जो कधीकधी नसतोच. वाढत्या वयाच्या पोरांचे मार्क पडतात आणि मोबाइलवर खापर फुटतं. बाळंतपणानंतर आठवडा-दीड आठवडा रडू येणं बहुतेकींना होतं आणि आपोआप जातं. पण ते दोन आठवड्यांपुढे गेलं, बाळ जवळ घ्यावंसं वाटेना, बाळ झोपलं तरी आईला झोप येईना, की "बाळंतिणीला असंच असतं" म्हणणाऱ्या आजीचं ऐकायचं नाही. आणि बाळाचं काही बरंवाईट करावं असं मनात येत असेल, किंवा भलतेच आवाज ऐकू येत असतील, तर त्याच रात्री दवाखाना.

दुःख आणि डिप्रेशन यांची गल्लत दोन्ही बाजूंनी होते. माणूस गेल्यावरचं दुःख आठवणीसरशी उसळतं, मधे ओसरतं, नातवाला बघून हसूही येतं. डिप्रेशनमध्ये तो मधला उतार फारसा नसतो, आणि रोख गेलेल्या माणसाकडून स्वतःकडे वळतो: मीच नालायक. ही रेघ पक्की नाही. दुःखातूनही आजार सुरू होतो, म्हणून "त्यांचं माणूस गेलंय, होणारच" म्हणून सहा महिने वाट बघू नये.

"त्याला काय कमी आहे?"

कारणांबद्दल सगळ्यात जास्त ऐकलेला हा प्रश्न, आणि सगळ्यात निरुपयोगी. कमी असलेल्यालाच होतो असा हा आजार नाही. एकच कारणही नसतं. आईवडील किंवा सख्ख्या भावंडाला असेल तर धोका दोन-तीन पटींनी वाढतो. जुळ्यांच्या अभ्यासांवरून काढलेला आनुवंशिकतेचा वाटा साधारण तीस ते चाळीस टक्के आहे. म्हणजे उरलेलं बरंच काही आयुष्यात घडतं: लहानपणची मारहाण किंवा अत्याचार, नवऱ्याची हाणामारी, कर्ज, एकटेपणा, दीर्घ दुखणं. बायकांमध्ये प्रमाण पुरुषांच्या जवळपास दुप्पट आहे. आमच्या भागात फुलोऱ्यात पाऊस पडून बाग डाऊनी रोगानं गेली की पुढच्या महिन्या-दोन महिन्यांत झोपेच्या गोळ्यांची विचारणा वाढते, हे माझं निरीक्षण. पण त्याच पावसात बाग गेलेला शेजारी तग धरून असतो. म्हणून संकट हेच सगळं कारण धरलं की "इतरांना नाही झालं, तुलाच कसं?" असा दुसरा निरुपयोगी प्रश्न तयार होतो.

शरीरातली कारणं मात्र नेमानं तपासावीत. थायरॉइड मंदावणं, रक्त कमी असणं, बी-१२ ची कमतरता, मधुमेह, पक्षाघात, पार्किन्सन. काही औषधंही मन खाली नेतात. स्टिरॉइड हे त्यातलं मोठं नाव. संधिवाताला किंवा दम्याला म्हणून गोळ्या चालू असतील तर पुडीतल्या बिननावाच्या गोळ्यांसकट सगळं डॉक्टरांपुढे ठेवा. दारू हे कारणही आहे आणि परिणामही. झोपेसाठी म्हणून घेतलेली 'क्वार्टर' पहाटेची झोप मोडते आणि दुसऱ्या दिवशी मन आणखी खाली जातं.

"मेंदूत सेरोटोनिन (मेंदूतलं एक रसायन) कमी पडतं" हे वाक्य आम्हीही कॉलेजात पाठ केलं. गणित तेवढं सोपं नाही. २०२२ मध्ये आधीच्या संशोधनांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला, त्यात डिप्रेशन असलेल्यांमध्ये सेरोटोनिन कमी असतं याला ठोस आधार सापडला नाही. त्यावरून गोळ्या खोट्या ठरत नाहीत. मध्यम आणि तीव्र आजारात त्यांचा फायदा औषध नसलेल्या, नुसत्या दिसायला तशा गोळीशी तुलना करून तपासलेला आहे. त्या नेमक्या कशा काम करतात याचं उत्तर अजून पूर्ण लागलेलं नाही, इतकंच.

दाखवायचं कुठं आणि सांगायचं काय

निमहान्स या बंगळूरच्या मानसिक आरोग्य संस्थेनं २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत मोठं सर्वेक्षण केलं. महाराष्ट्र त्यात नव्हता. त्यात २० प्रौढांमागे साधारण एकाला आयुष्यात कधी ना कधी डिप्रेशन येऊन गेल्याचं, आणि आजारी असलेल्या १०० पैकी सुमारे ८५ जणांवर उपचार होत नसल्याचं दिसलं. आपल्याकडे चित्र फार वेगळं असेल असं मला काउंटरवरून तरी वाटत नाही.

पहिली पायरी म्हणून नेहमीचे फॅमिली डॉक्टर चालतात, फक्त त्यांना "अशक्तपणा" न सांगता झोप आणि मनाचं सांगा. गोळ्या लिहून देणारे मनाचे तज्ज्ञ म्हणजे सायकिॲट्रिस्ट, एम.डी. किंवा डी.पी.एम. झालेले. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बोलून उपचार करतात, त्यांची आर.सी.आय. ची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी विचारायला लाजू नका. नुसतं 'काउन्सेलर' असं पाटीवर कुणीही लिहितं. आमच्या भागातली माणसं सांगली-मिरजेला जातात, तिथे सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. इतर जिल्ह्यांत जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची टीम असते. जाण्याआधी ओपीडीचा वार विचारून घ्या, नाहीतर एक दिवस आणि एक रोजगार फुकट जातो. कुठेच जायची तयारी नसेल तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे. केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केला, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. ज्याला "वेड्याच्या डॉक्टरकडं" जायची लाज वाटते त्याला मी हाच नंबर पावतीमागे लिहून देते.

डिप्रेशन सांगणारी रक्ततपासणी किंवा स्कॅन नाही. कुणी "मेंदूचा फोटो काढून सांगतो" म्हणालं तर पैसे खिशात ठेवा. टी.एस.एच. (थायरॉइडची तपासणी), हिमोग्लोबिन, बी-१२, साखर, वयस्कर माणसात सोडियम अशा तपासण्या लावतात त्या दुसरं काही नाही ना हे बघायला. निदान होतं ते प्रश्न विचारून, आणि म्हणूनच जाताना अर्धं पान लिहून नेणं हे सगळ्यात कामाचं. कधीपासून, झोपेची वेळ आणि जाग यायची वेळ, वजन किती उतरलं, कुठलं काम अडलं, चालू औषधं, घरात आणखी कुणाला असं झालं होतं का, दारू-तंबाखू खरी किती. "कधीमधी घेतो" हे उत्तर डॉक्टरांनी हजार वेळा ऐकलेलं असतं. घरचं एक माणूस सोबत न्या, पण दहा मिनिटं पेशंटला एकट्याला डॉक्टरांशी बोलू द्या. सुनेला सासूसमोर काय बोलता येणार आहे?

एक गोष्ट त्यांनी विचारली नाही तरी आपणहून सांगा. पूर्वी कधी याच्या उलट दिवस आले होते का? तीन तास झोपूनही तरतरीत, बोलणं थांबत नव्हतं, वाट्टेल तसा खर्च, एकदम चार धंदे सुरू करायचे बेत, असं आठवडाभर? असेल तर हा आजार बायपोलर असू शकतो, आणि त्यात नुसती डिप्रेशनची गोळी दिली तर माणूस दुसऱ्या टोकाला जाण्याचा धोका असतो. औषधच वेगळं लागतं. बरेच जण त्या दिवसांना "तेव्हा मी एकदम फॉर्मात होतो" म्हणून सांगतच नाहीत.

सौम्य, मध्यम, तीव्र ही तर विभागणी झालीच. शिवाय दोन वर्षं किंवा जास्त चाललेली हलकी पण चिवट उदासी असते, तिला डिस्थायमिया म्हणतात. अशा माणसाचा "स्वभावच तसा" म्हणून घरात सगळ्यांनी स्वीकार केलेला असतो. त्यालाही उपचार आहे.

जिवाचं बरंवाईट

"जगून काय उपयोग" हे वाक्य ऐकलं तर विषय बदलू नका. सरळ विचारा: "मरायचे विचार येतात का? काही ठरवलंय का?" विचारल्यानं डोक्यात कल्पना घुसत नाही, उलट बहुतेकांना हलकं वाटतं. 'ठरवलंय' असं उत्तर आलं तर त्या माणसाला एकटं सोडायचं नाही, आणि त्याच दिवशी दवाखाना.

आमच्या भागात याहून मोठं काम आहे ते फवारणीच्या औषधाचं. आजारी माणूस घरात असेल तोवर ते घरात, गोठ्यात, शेडवर कुठंही हाताशी ठेवू नका. भावकीत, दुकानदाराकडे, कुठंतरी कुलपात ठेवा. हे विचार अनेकदा लाटेसारखे येतात आणि ओसरतात, त्या वेळात हाताशी काही नसलं तर माणूस वाचतो. गोळ्यांचंही तेच: महिन्याचा साठा पेशंटच्या उशाशी नको, आठवड्याच्या गोळ्या घरच्यांनी काढून द्या. मी स्वतः अशा पेशंटच्या घरच्यांना डॉक्टरांना विचारून पंधरा दिवसांच्याच नेत जा म्हणते, फेऱ्या वाढल्या तरी.

काही केलंच असेल तर १०८ ला फोन करून जवळच्या दवाखान्यात न्या. "पोलीस केस होईल" म्हणून तास-दोन तास घालवणारी घरं मी पाहिलीत. मानसिक आरोग्य कायदा २०१७ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरलं जातं, तिला शिक्षा करायची नाही, आणि तिची काळजी घेणं सरकारवर बंधनकारक आहे. दवाखान्यात कागद रंगतील, तेवढे रंगू द्या.

गोळीशिवायचं काम

आजार सौम्य असेल तर सुरुवातच गोळीनं करावी असं नाही. बोलून होणारे उपचार सौम्य आणि मध्यम आजारात चांगले लागू पडतात, तीव्र आजारात गोळ्यांच्या जोडीनं. त्यातला एक प्रकार मला आमच्या लोकांसाठी सगळ्यात जवळचा वाटतो, कारण त्याला मोठी भाषा लागत नाही. गोव्यात 'संगथ' या संस्थेनं तो प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये करून पाहिला. डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक माणसांनी सहा ते आठ भेटींत पेशंटला मदत केली, आणि २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या निकालानुसार नेहमीच्याच उपचारांवर असलेल्या गटापेक्षा त्यांच्यातले बरेच जास्त लोक बरे झाले. विदर्भात अमरावती जिल्ह्यातल्या गावांमध्येही गावातल्याच प्रशिक्षित माणसांकरवी असं काम झालंय.

गाभा असा: मन लागेल तेव्हा काम करीन, असं म्हणत थांबायचं नाही. काम छोटं करायचं, वेळ ठरवायची, मन लागो न लागो करायचं, आणि नंतर कसं वाटलं ते लिहायचं. पुढं काकांवर मानसोपचार सुरू झाले, तेव्हा तिथल्या समुपदेशकांनी "बागेत जा" सांगितलंच नाही. सकाळी सात वाजता अंगणात खुर्ची टाकून चहा प्यायचा, इतकंच. मग फाटकापर्यंत. मग बागेच्या पहिल्या ओळीपर्यंत, हातात कात्री न घेता. घरच्यांना हे पोरखेळासारखं वाटलं. "एवढा तालेवार माणूस, आणि खुर्ची टाकून चहा?" पण ज्याला अंघोळीला उठायचं म्हणजे डोंगर वाटतो त्याला 'व्यायाम करा, छंद जोपासा' सांगणं म्हणजे त्याला आणखी एकदा नापास करणं. व्यायामाचा फायदा खराच आहे, फक्त सुरुवात पाच मिनिटांनी करा. आणि सकाळी सातला ग्रूपवर 'सकारात्मक राहा' पाठवणाऱ्यांनी त्याऐवजी दारात जाऊन "चल, कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ" म्हणावं.

"मन खंबीर कर" म्हणू नका, त्याला जमत असतं तर केलं नसतं का? देवाला, दर्ग्याला, गुरुवारच्या बैठकीला जायचं तर जरूर जावं, माणसांत मिसळणं होतं. फक्त तिथं कुणी गोळ्या बंद करायला सांगितल्या तर तेवढं ऐकू नका.

गोळ्या

आता माझा प्रांत. सध्या सुरुवातीला बहुतेक एस.एस.आर.आय. या सेरोटोनिनवर काम करणाऱ्या गटातली गोळी देतात: एस्सिटालोप्राम, सरट्रालीन, फ्लुओक्सेटीन. डोस लहान असतो, हळूहळू वाढवतात. पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकेदुखी, पातळ संडास, क्वचित अस्वस्थपणा वाढणं हे होऊ शकतं, आणि गुण मात्र काहीच दिसत नाही. इथंच निम्मी माणसं "उष्ण पडली" म्हणून सोडतात. जेवणानंतर घ्या. गुंगी येत असेल तर रात्री, झोप उडत असेल तर सकाळी, हे डॉक्टरांना फोन करून ठरवा. फरक दिसायला दोन ते चार आठवडे, पूर्ण अंदाज यायला सहा ते आठ. आधी झोप आणि भूक सुधारते, मन सगळ्यात शेवटी. त्यामुळे घरच्यांना बरं दिसायला लागतं तेव्हा पेशंट म्हणत असतो, "मला काय फरक न्हाई." दोघंही खरं बोलत असतात. एक गोळी लागू पडली नाही तर डोस वाढवतात किंवा दुसरी देतात. तो डॉक्टर बदलायचा इशारा नव्हे.

पंचविशीच्या आतल्या मुलामुलींत सुरुवातीच्या आठवड्यांत आणि डोस बदलताना मरणाचे विचार वाढतात का याकडे लक्ष ठेवावं लागतं. म्हाताऱ्या माणसात सोडियम उतरू शकतं: एकदम गोंधळल्यासारखं झालं, तोल जायला लागला तर रक्त तपासा. अंगावर पाजत असलेल्या आईनं बाळासाठी म्हणून गोळी परस्पर बंद करू नये. त्या काळात चालणारी औषधं आहेत, सरट्रालीन पुष्कळदा देतात. आणि लैंगिक इच्छा कमी होणं हा बऱ्यापैकी आढळणारा त्रास आहे, पण काउंटरवर तो कुणी बोलत नाही, गडी माणूस तर मुळीच नाही. गोळी गुपचूप बंद होते. डॉक्टरांना चिठ्ठीवर लिहून द्या हवं तर. डोस किंवा औषध बदलून मार्ग निघतो.

दुसऱ्या औषधांशी भांडण: डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन या दुखण्यावरच्या गोळ्यांच्या जोडीनं रक्तस्रावाचा धोका वाढतो. ट्रामाडॉल ही दुखण्यावरची गोळी आणि डेक्स्ट्रोमेथॉर्फनवालं खोकल्याचं औषध यांच्याबरोबर सेरोटोनिन जास्त होऊन घाम, कापरं, ताप, बेचैनी असा धोकादायक प्रकार होऊ शकतो. म्हणून गुडघ्याची गोळी किंवा खोकल्याचं औषध घेताना चालू गोळीचं पाकीट केमिस्टला दाखवा.

"सवय लागते का?" हा रोजचा प्रश्न. या गोळ्यांची दारूसारखी तलफ लागत नाही, डोस वाढवत न्यावासा वाटत नाही. पण एकदम बंद केल्या तर चक्कर, चिडचिड, विचित्र स्वप्नं, डोक्यात करंट बसल्यासारखं होणं असे त्रास होतात. पॅरॉक्सेटीन आणि व्हेनलाफॅक्सीनला जास्त, फ्लुओक्सेटीनला कमी. सवय लागते ती झोपेच्या गोळीची. त्यातली अल्प्राझोलाम शेड्यूल एच-१ या कडक नियमांच्या औषधयादीत आहे, प्रिस्क्रिप्शनशिवाय देता येत नाही, आम्हाला रजिस्टरला डॉक्टरचं आणि पेशंटचं नाव लिहून ते तीन वर्षं ठेवावं लागतं. तरी "दोनच द्या की वैनी" रोज चालतं. तिनं झोप येते, डिप्रेशन जागच्या जागी राहतं. यातली चोरवाट म्हणजे 'प्लस'. एस्सिटालोप्राममध्ये क्लोनाझेपाम, म्हणजे अल्प्राझोलामच्याच जातीचं सवय लावणारं औषध, मिसळलेल्या गोळ्या बाजारात ढिगानं आहेत. पहिल्या काही आठवड्यांसाठी डॉक्टर देतात, नंतर साधी लिहून देतात, आणि पेशंट मात्र जुनंच पाकीट दाखवून वर्षानुवर्षं 'प्लस' नेत राहतो. पाकिटावर एक नाव आहे की दोन, हे बघायची सवय लावा. कंपनी बदलली, रंग बदलला तर घाबरू नका. आतल्या औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम जुळलं की झालं. जनऔषधीत तेच औषध पुष्कळ स्वस्त पडतं.

आजार फार तीव्र असेल, माणूस अन्नपाणी सोडून बसला असेल, गोळ्यांचा गुण यायला वेळच नसेल, तर डॉक्टर ई.सी.टी. म्हणजे शॉक सुचवतात. सिनेमातलं विसरा. भूल देऊन आणि स्नायू सैल करूनच देतात. तसं न करता देण्यावर २०१७ च्या कायद्यानंच बंदी आहे. त्या काळातल्या काही आठवणी पुसट होऊ शकतात. पण अशा अवस्थेत त्याच्याइतका झपाट्यानं गुण देणारा उपचार क्वचितच सापडेल.

मेडिक्लेम असेल तर हेही बघून घ्या: शारीरिक आजाराला जसा विमा, तसाच मानसिक आजाराला द्यावा असं त्याच कायद्याच्या कलम २१ मध्ये आहे. ॲडमिट व्हावं लागलं तर विचारा.

मग बंद कधी करायच्या? पहिलीच वेळ असेल तर पूर्ण बरं वाटायला लागल्यानंतर आणखी सहा ते नऊ महिने त्याच डोसवर. आजार दुसऱ्या-तिसऱ्यांदा आलेला असेल तर दोन वर्षं किंवा जास्त. काका तिसऱ्या महिन्यात येऊन म्हणाले, "आता कशाला? फस्क्लास वाटतंय." फस्क्लास वाटतंय ते गोळीवर असताना वाटतंय. एकदा डिप्रेशन आलेल्यांपैकी साधारण निम्म्यांना ते पुढे कधीतरी पुन्हा येतं, आणि लवकर सोडणाऱ्यांचा धोका जास्त. सोडताना डॉक्टर आठवड्यांच्या, कधी महिन्यांच्या हिशेबानं डोस उतरवतात. परस्पर "एक दिवसाआड" करू नका. उतरवायची वेळही बघून ठरवा: छाटणीच्या धांदलीत, लग्नसराईत, बारावीच्या परीक्षेआधी नको.

एखादा डोस चुकला तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्या. दुसऱ्या डोसची वेळच आली असेल तर चुकलेला सोडून द्या, दोन एकदम घेऊ नका. आणि पाकिटात चार गोळ्या उरल्या की पुढचं पाकीट आणायला निघा, शेवटची गोळी घेऊन रविवारी संध्याकाळी येऊ नका. तालुक्याच्या गावात ती ताकदीची गोळी प्रत्येक दुकानात मिळते, तुमची नेमकी त्या दिवशी संपलेली असते.